बेनाखीच्या डोंगरावर सहकुटुंब

डोंगर चढण्यासाठी का कोणी सुट्टी काढते, असे तुम्ही म्हणाल. तुमचे खरे आहे. आपण शेतकरी माणसे. डोंगरावर जायचे ते गुरे वळायला, सरपण आणायला, नाहीतर श्रावणी सोमवारी देवाला. आठवडाभर राबून रविवारी उगाच डोंगर चढायचा, हे आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण समजत नाहीत. मीही तीस वर्षे कृषी विस्तार अधिकारी म्हणून शिवारे तुडवली. पण ती कीड पाहायला, पंचनाम्याला, नाहीतर प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर. नुसते चालायचे म्हणून चाललो तो पहिल्यांदा २०२४ च्या मे महिन्यात, आणि तेही थेट स्कॉटलंडात.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा तिकडे ॲबर्डीनला नोकरीला आहे. कॉलेजची चार वर्षे तो आमच्याकडेच, तालुक्याच्या गावी राहून शिकला. "काका, काकूला घेऊन एकदा या," असे तो किती दिवस म्हणत होता. मी रजेची सबब सांगे. खरी सबब वेगळी होती; ती पुढे येईलच. शेवटी त्याने तिकिटेच काढून पाठवली, आणि आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्हांला यायचं नसेल तर मी एकटी जाते." खात्याची परवानगी काढली. खरिपाच्या धांदलीआधी परत यायचे, या बोलीवर तीन आठवड्यांची रजा मिळाली.

तिकडे मेच्या पहिल्या सोमवारी सार्वजनिक सुट्टी असते. शनिवार-रविवार जोडून पुतण्याने खेड्यातले एक घर भाड्याने घेतले. घर म्हणजे शेतावरच्या गड्यांसाठी पूर्वी बांधलेले दगडी खोपटे. आता डागडुजी करून पाहुण्यांना देतात. तिकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांचा हा जोडधंदा आहे. आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघे, पुतण्या, सूनबाई, सहा वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात. घराच्या खिडकीतून समोर डोंगर दिसत होता. त्याचे नाव बेनाखी. शेवटचा 'ख' घशातून खाकरल्यासारखा काढावा लागतो. मला शेवटपर्यंत जमला नाही, नातवाला सहज जमत होता.

बेनाखी हे एक शिखर नव्हे, ती लांबलचक रांग आहे. सर्वांत उंच ऑक्सन क्रेग, ५२८ मीटर. पण लोक चढतात ते मिदर टॅपवर. ते ५१८ मीटर. मिदर म्हणजे तिकडच्या बोलीत आई. उंचीचा आकडा ऐकून मला हसू आले. आमचे सातारा शहरच याहून उंचावर वसले आहे! पण तिथे चढाला सुरुवातच खालून होते, आणि वारा असा की कान बधिर व्हावेत. मे महिन्यात, भर दुपारी, अंगात स्वेटर आणि त्यावर पावसाचा कोट.

हल्ली गावोगावची मुले परदेशी आहेत. तुमच्यापैकी कोणाला ना कोणाला असे बोलावणे येईलच, म्हणून थोडे सांगून ठेवतो. वाट सोपी आहे. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर, मुलाबाळांसह रमतगमत तीन-साडेतीन तास. डोंगराच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे, तिथून खुणा केलेल्या वाटा निघतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खालच्या झाडीतल्या सपाट वाटेनेच फिरावे, तीही छान आहे. पायांत चप्पल नको, तळ धरणारे बूट हवेत. कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे घाम आला की काढता येतात. ऊन पडले आहे म्हणून कोट घरी ठेवू नये. दहा मिनिटांत आभाळ भरते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तिथल्या गवतात आणि नेच्यात गोचीड असतात. आपल्या म्हशीच्या कासेला असतात तसले टपोरे नव्हेत; तिळाएवढे, कधी त्याहूनही बारीक. त्यांच्या चाव्याने माणसाला एक आजार होतो, त्याला लाइम म्हणतात. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि घरी आल्यावर मुलांचे काखा-गुडघे तपासावेत. सूनबाईंकडे गोचीड काढायची छोटी आकडीच होती. त्या आकडीने मी चाट पडलो. इतकी वर्षे मी गोठ्यातून गोचीड निर्मूलनावर भाषणे दिली, पण असली सुबक वस्तू पाहिली नव्हती.

सकाळी दहाला निघालो. सौ.नी दशम्या, लसणाची चटणी आणि उकडलेले बटाटे बांधून घेतले होते. नात बापाच्या पाठीवरच्या झोळीत. डोंगराची वाट आमच्या घरमालकिणीच्या शेतातून जात होती. बाई सत्तरीच्या असतील. गुडघ्याएवढे रबरी बूट, हातात काठी, पायाशी काळे-पांढरे मेंढीकुत्रे. मला पाहून म्हणाल्या, "फिट लाइक?"

मला वाटले, या वयात डोंगर झेपेल का, असे विचारताहेत. मी छाती काढून म्हणालो, "येस, व्हेरी फिट!" बाई हसल्या, पुतण्या त्याहून जास्त हसला. त्या भागातल्या डोरिक बोलीत त्याचा अर्थ 'कसं काय?' एवढाच. आमची इंग्रजी कृषी महाविद्यालयाची. तिला डोरिक कुठून कळणार! पुढचे बोलणे पुतण्याने समजावून दिले.

समोर कुरणात मेंढ्या आणि पंधरा-वीस दिवसांची कोकरे होती. पलीकडे बार्ली चार बोटे वर आली होती. मी वाकून चिमूटभर माती उचलली. हलकी, खडीची, ओलसर. बाईंनी सांगितले की जमीन आंबूस आहे, दर काही वर्षांनी चुना घालावा लागतो. इथपर्यंत आम्ही एकमेकांच्या भाषेतले होतो. मग मी विचारले, "तुमच्या शेतातून ही परकी माणसं रोज जातात, तुम्हांला चालतं?"

चालते की नाही हा प्रश्नच नाही, असे त्यांचे उत्तर होते. स्कॉटलंडच्या संसदेने २००३ साली जमीन सुधारणा कायदा केला, २००५ पासून तो अमलात आला. पायी, सायकलने किंवा घोड्यावरून कोणालाही बहुतेक सगळ्या जमिनींवरून जाण्याचा हक्क आहे. मोटारगाडीला नाही. कोणाच्या घराच्या परसात शिरता येत नाही, उभे पीक तुडवता येत नाही. बांधाच्या कडेने जायचे. पण हक्क केव्हा? जबाबदारीने वागलात तर. आधी माझ्यातला शेतकरी चिडला, हे कबूल करतो. माझ्या सात-बाराच्या जमिनीत पाय ठेवायला सरकार कोण परवानगी देणारे? बाईंचीही तक्रार होतीच, नाही असे नाही. लोकांची मोकाट कुत्री मेंढ्यांमागे लागतात, गाभण मेंढ्या धावून धावून गाभडतात. २०२१ च्या कायद्याने अशा कुत्र्याच्या मालकाला ४०,००० पौंडांपर्यंत दंड किंवा बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तरी लोक कुत्रे सोडतातच म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी कुरणाचे लोखंडी फाटक उघडून आम्हांला आत घेतले आणि नातवाला एकच सूचना दिली: दार जसे दिसेल तसे ठेवायचे.

मला वाटले, म्हणजे लावून घ्यायचे. तसे नव्हे. लावलेले असेल तर लावायचे, उघडे असेल तर उघडेच ठेवायचे. उघडे दार कोणी विसरलेले नसते. पलीकडच्या पाण्यावर मेंढ्यांना जाता यावे म्हणून शेतकऱ्याने मुद्दाम सोडलेले असते. भल्या मनाने कोणी ते लावून गेला, तर उन्हाळ्याच्या दिवसांत जनावरे पाण्यावाचून तडफडतील. इतकी वर्षे मी शेतकऱ्यांना पाणी, खत, औषध सांगितले; दाराचा विचार कधी केला नव्हता.

दुसऱ्या फाटकाशी नातू पुढे धावला. कडी त्याच्या हाताला पुरत नव्हती, मी खालून उचलून धरला. कडी सरकवून झाल्यावर त्याने विचारले, "छोटे आबा, आपल्या गावच्या शेताला पण गेट आहे?"

कोणी काही बोलले नाही. पुतण्याने पाठीवरची झोळी नीट केली. सौ. पुढे चालू लागल्या. मग मी म्हणालो, "नाही रे बाळा."

वाचकहो, आता ती सबब सांगायला हवी. वडिलांच्या माघारी आम्हां भावांची वाटणी झाली. पुढची चार एकरे माझ्याकडे आली, मागची अण्णांकडे. अण्णांची वाट माझ्या वाट्यातून होती. वडिलांच्या हयातीपासून तिथूनच गाडी जायची. २०१७ साली पेरणीच्या वेळी अण्णांच्या भाड्याच्या ट्रॅक्टरने वळण घेताना माझ्या आल्याचा एक बेड चिरडला, ठिबकच्या नळ्या तोडल्या. मी बोललो, ते बोलले. जे बोलू नये ते दोघेही बोललो. आठ दिवसांत मी सिमेंटचे खांब रोवून चार पदरी तार ओढली. तेव्हापासून अण्णा ओढ्यातून वळसा घालून जातात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की त्यांची पेरणी अडते, खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देतात. मी स्वतः कितीतरी शेतकऱ्यांना या कलमाचा अर्ज लिहून दिला आहे. अण्णांनी अर्ज केला नाही. केला असता तर मी हरलो असतो, हे मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक होते. आणि त्यांचा मुलगा मला तिकीट पाठवत होता.

चला, डोंगराकडे वळू.

फाटकानंतर झाडी लागते. स्कॉट्स पाइनची उंच, तांबूस खोडाची झाडे, मधूनमधून लार्च. लार्च हे सुयांचे झाड असूनही हिवाळ्यात पाने गाळते, आणि मे महिन्यात त्याला अशी कोवळी पालवी फुटते की हात फिरवावासा वाटतो. खाली सुयांचा थर, पाऊल पडल्याचा आवाज नाही. इथे मुले कंटाळत नाहीत. शंकूच्या आकाराची फळे गोळा करण्यातच अर्धा तास गेला. तासाभराने झाडी संपली आणि उघडा माळ आला. सगळीकडे हेदरची तपकिरी झुडपे. ऑगस्टात हा सारा डोंगर जांभळा होतो म्हणतात. आमच्या नशिबी तपकिरीच होता. वाटेवर दगड बसवून पायऱ्यांसारखे केले आहे, कारण माणसांच्या पायांनीच माती वाहून चालली होती. मृद्संधारणाचेच काम ते. डोंगराची निगा राखायला गावच्या लोकांनी १९७३ साली 'बेलीज ऑफ बेनाखी' नावाचे मंडळ काढले, ते अजून काम करते.

शेवटचा टप्पा जरा दमछाक करणारा आहे. सौ. सगळ्यांच्या पुढे होत्या. जन्मभर विहिरीवरून हंडे आणलेल्या बाईला हा चढ तो काय! मी मात्र तीनदा बसलो. माथ्याखाली येताच समोर दगडांची प्रचंड रास दिसली. जवळ गेल्यावर कळले, तो कोट आहे. गुलाबीसर ग्रॅनाइटचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले. आज ते ढासळले आहेत, पण आत शिरायची वाट अजून स्पष्ट आहे. पिक्ट नावाच्या लोकांचा हा किल्ला, इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकात नांदता होता. आपल्या अजिंक्यताऱ्यावरच जन्म काढलेल्यांना किल्ल्याचे अप्रूप नाही. पण शिवरायांच्या कितीतरी शतके आधी कोणी इतक्या लांब, इतक्या थंडीत हे धोंडे वर चढवले, म्हणून मी हात जोडले.

माथ्यावर वाऱ्याने उभे राहवेना. एका धोंड्याच्या आडोशाला बसून दशम्या सोडल्या. पूर्वेला अंधूक समुद्र दिसत होता. खाली, जिथवर नजर जाईल तिथवर शेते. बार्लीची हिरवी, नांगरलेली काळी, मोहरीच्या जातीच्या रेपची पिवळी धमक. दगडी बांध, काळी बिनशिंगांची ॲबर्डीन-अँगस गुरे. ही जात याच मुलखातली. मी पुतण्याला बार्लीचे क्षेत्र, गवताचे क्षेत्र दाखवत होतो. पण खरे सांगायचे तर माझी नजर दुसरीकडेच होती. वरून पाहिले की शेतांपेक्षा वाटा जास्त दिसतात. पांढुरक्या रेघा. एक रेघ एका शेतातून निघे, दुसऱ्यात शिरे, मधे फाटकाचा ठिपका, पुन्हा रेघ. एवढ्या शेतांत मागच्या शेताला वाट नाही असे एकही मला दिसले नाही. असेलही कुठे. वरून दिसले नाही एवढेच.

उतरताना पुतण्याने वेगळी वाट धरली. झाडीत मोडकी दगडी घरे दिसू लागली. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, आत शेवाळ, चुलीच्या जागी एक मोठे झाड. त्याला तिकडे कॉलनी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हा डोंगरउतार गावाचा सामाईक होता, आपल्या गायरानासारखा. ज्यांना जमीन नव्हती अशी माणसे, खाणीतले पाथरवट, बांध घालणारे, रोजाचे गडी, इथे येऊन राहिली. त्यांनी माळावरचे दगड वेचले, चर खणले, त्याच दगडांची घरे आणि ताली रचल्या आणि शेते केली. १८५९ साली आसपासच्या जमीनदारांनी कोर्टातून हा सामाईक डोंगर आपसांत वाटून घेतला. ज्यांनी शेते केली ती माणसे एका दिवसात दुसऱ्याच्या जमिनीतली कुळे झाली. खंड भरा, नाहीतर चालते व्हा. हळूहळू वस्ती उठली. जॉर्ज एसन नावाचा शेवटचा रहिवासी तेवढा राहिला, तो १९३९ साली वारला. त्याचे घर अजून दाखवतात.

त्या मुलखात दगड वेचणे हीच शेतीची सुरुवात. ॲबर्डीनजवळ किंग्जवेल्सला पुतण्याने आणखी एक नवल दाखवले होते. शेतातून निघालेले दगड ठेवायचे कुठे, म्हणून बांधलेली भिंत; जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, नऊ-दहा मीटर रुंद, वरून चालायला वाट! आमच्या मुरमाड रानातले दगड वेचून वडिलांनी आणि अण्णांनी अशीच ताल घातली होती. मी तेव्हा शाळेत होतो. ताल घालताना अण्णांच्या उजव्या हाताची करंगळी चेचली, ती अजून वाकडी आहे.

सौ. एसनच्या घराच्या भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दगड कुणी वेचले आणि राहिले कुणाला." एवढेच. नंतर घरी येईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. पुतण्या तर तीन आठवड्यांत एका शब्दानेही बोलला नाही. तो बोलला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

परतीच्या वाटेवर पहिले फाटक उघडे होते. नातू लावायला धावला, मग मधेच थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. सकाळी आम्ही लावलेले दार उघडे कसे? तेवढ्यात बाई शिट्टी वाजवत आल्या. मेंढ्या पलीकडे न्यायच्या म्हणून त्यांनीच उघडले होते. कुत्रे वाऱ्यासारखे सुटले, कळप वळला आणि माणसांच्या बारशाला निघाल्यासारख्या मेंढ्या ओरडत आमच्या बाजूने गेल्या. नात झोळीत उठून बसली आणि टाळ्या वाजवू लागली. त्या रात्री साडेनऊपर्यंत उजेड होता. नातवाच्या पोटरीला एक गोचीड निघाला, सूनबाईंनी आकडीने अलगद काढला.

मेअखेरीस गावी आलो. आल्याची लागण गड्यांनी उरकली होती. मी कडेचे दोन बेड मोडले. बेण्याचा भाव तुम्हांला ठाऊक आहे; सौ. एक अक्षर बोलल्या नाहीत. तार तोडली, तीन खांब काढले, ठिबकची नळी मोठ्या पाइपातून जमिनीखालून घेतली आणि गोठ्यामागे गंजत पडलेले जुने लोखंडी फाटक रंग देऊन बसवले. निरोप कोणाबरोबर धाडावा ते सुचेना, म्हणून धाडला नाही. गावात निरोपाची गरज नसतेच.

मृग निघाला, दोन पाऊस झाले. एका सकाळी अण्णांचा ट्रॅक्टर त्या वाटेने गेला. मी घरात होतो, बाहेर आलो नाही. दुपारी पाहतो तो फाटक सताड उघडे आणि आमची म्हैस दाव्यासकट गायब. ती अण्णांच्या हत्तीघासात. दिवेलागणीला अण्णा स्वतः तिला हाकत अंगणात आले. दावे सौ.च्या हातात दिले, माझ्याकडे पाहिले नाही. "चहा ठेवते," सौ. म्हणाल्या. "नको, पेरणी राहिलीय," असे म्हणून ते वळले. अंधार पडत होता. थोड्या वेळाने शेताकडून कडी सरकवल्याचा आवाज घरापर्यंत आला.